खेळ मुलाचा, नियम कोणाचा?

मुलांनी यंत्रावरचे खेळ खेळावेत की खेळू नयेत, हा वाद आता अर्धशतकाहून जुना झाला आहे. १९७२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने 'पाँग' हा नाणे टाकून खेळायचा खेळ बाजारात आणला. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि १९८० मध्ये नामको कंपनीचा 'पॅक-मॅन' आला, आणि पाहता पाहता दुकानांच्या कोपऱ्यांत व उपाहारगृहांत उभ्या कपाटासारख्या या यंत्रांभोवती मुलांचे घोळके जमू लागले. तेव्हापासून एक पक्ष सांगत आला आहे की, हे यंत्र मुलांचा अभ्यास, पैसा आणि स्वभाव बिघडविते. दुसरा पक्ष तितक्याच ठामपणे म्हणतो की, यातून चपळाई, एकाग्रता आणि संगणकयुगाची तयारी मिळते. दोन्ही पक्षांचे लक्ष पडद्यावर खिळलेले आहे. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे, त्यातील नियम कोणी ठरविले आणि ते शोधून काढण्याची मुलाला कितपत मोकळीक आहे, हे प्रश्न वादाच्या बाहेरच राहिले. वस्तुतः मूल यंत्रापासून काय शिकते याचे उत्तर याच प्रश्नांवर अवलंबून आहे.

बंदी आणि भलामण

बंदीचा मार्ग सर्वांत सोपा, म्हणून तो सर्वांत आधी चोखाळला गेला. फिलिपाइन्समध्ये मार्कोस यांच्या राजवटीने १९८१ साली व्हिडिओ खेळांवर सरसकट बंदी घातली. देशातील दारिद्र्य आणि दडपशाही यांची जबाबदारी ज्या राजवटीवर होती, तिला मुलांच्या नीतिमत्तेची चिंता मात्र खेळाच्या यंत्रापाशी आठवली. १९८२ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांनी हे खेळ मुलांच्या आरोग्याला घातक असल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि लगेच, हे आपले व्यक्तिगत मत असून त्याला शास्त्रीय पुराव्याचा आधार नाही, असा खुलासाही केला. तोवर मूळ विधान सर्वत्र पोहोचले होते.

भलामण करणाऱ्यांचा पुरावाही तपासून घेतला पाहिजे. २००३ साली रॉचेस्टर विद्यापीठातील ग्रीन आणि बाव्हेलिए यांनी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वेगवान खेळ दहा दिवस रोज तासभर खेळल्यानंतर नवशिक्यांची दृष्टीने टिपण्याची क्षमता वाढली. या निष्कर्षाचा बाजाराने पुरेपूर उपयोग करून घेतला. परंतु २०१८ साली अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा चित्र बरेच उतरले. खेळाच्या सरावाने माणूस त्या खेळात तरबेज होतो. त्यामुळे त्याची एकंदर बुद्धी वाढते असे म्हणण्याइतका परिणाम त्या विश्लेषणात दिसला नाही. कळ दाबण्याची चपळाई गणिताच्या वहीत आपोआप उतरत नाही, हे शिक्षकांना प्रयोगाशिवायही ठाऊक होते.

तेव्हा या खेळांचे शैक्षणिक मोल चपळाईत शोधणे व्यर्थ आहे. ते अन्यत्र आहे, आणि तेथे ते फार मोठे असू शकते.

न सांगितलेले नियम

बुद्धिबळ किंवा कॅरम शिकताना मोठी माणसे मुलाला आधी नियम सांगतात. आर्केडच्या यंत्रावर मात्र नाणे कोठे टाकायचे आणि दांडा कसा फिरवायचा, याखेरीज फारसे काही लिहिलेले नसते. उरलेले सर्व मुलाने निरीक्षणाने हुडकावयाचे असते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नेमके याकडे लक्ष वेधले. पाहणे, अंदाज बांधणे, तो करून पाहणे, चुकल्यास सुधारणे, हा क्रम म्हणजेच विगमनाचा मार्ग होय. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जे करतो, त्याचेच हे बाळरूप आहे.

'पॅक-मॅन'चे उदाहरण घ्यावे. चक्रव्यूहातील २४० ठिपके खात जायचे आणि चार भुतांना चुकवायचे, एवढाच खेळ. वरवर पाहता चारही भुते सारखीच पाठलाग करताना दिसतात. काही दिवस खेळलेल्या मुलाच्या ध्यानात मात्र येते की, प्रत्येकाची रीत निराळी आहे. तांबडे भूत थेट मागे लागते. गुलाबी भूत खेळाडू जेथे आहे तेथे न जाता, तो जिकडे निघाला आहे त्याच्या पुढची चार घरे गाठू पाहते. निळसर भूत तांबड्याच्या आणि खेळाडूच्या अशा दोन्ही जागांचा हिशेब करते. नारिंगी भूत लांबून पाठलाग करते आणि जवळ आले की कोपऱ्याकडे पळते. शिवाय त्यांच्या हालचाली नियमबद्ध असल्यामुळे, खेळाडूने प्रत्येक वेळी तंतोतंत तोच मार्ग धरला तर भुतेही तशीच वागतात. हे ज्यांना उमगले त्यांनी चक्रव्यूहाच्या वाटा पाठ केल्या. संकट भुताटकीसारखे वाटत होते तोवर ते भयंकर होते. त्यामागचा नियम सापडताच ते आटोक्यात आले.

'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये याहून बोधक गोष्ट आहे. पडद्याच्या वरून मधूनच एक यान सरकत जाते. ते टिपले तर कधी ५०, कधी १००, तर कधी ३०० गुण मिळतात. नवख्याला हा निव्वळ नशिबाचा भाग वाटे. जपानी खेळाडूंनी मात्र गोळ्या मोजल्या आणि शोधून काढले की, यानावर झाडलेली गोळी डावातील तेविसावी असेल, किंवा त्यानंतरची प्रत्येक पंधरावी असेल, तर ३०० गुण हमखास मिळतात. नशीब म्हणून जे गणले जात होते, ते मोजणीने नियम ठरले. ज्या समाजात गरिबी, आजार आणि नापास होणे यांचे खापर आजही नशिबावर फोडले जाते, तेथील मुलाने स्वतःच्या हाताने हा शोध एकदा लावणे, यास शिक्षण म्हणावयाचे नाही तर कशास म्हणावयाचे?

याच खेळात आणखी एक गंमत आहे. प्रारंभी पाच रांगांत ५५ आक्रमक असतात आणि ते संथ सरकतात. जसजसे ते कमी होतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. खेळाचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी हा वेग मुद्दाम आखला नव्हता. पडद्यावर आकृत्या कमी राहिल्या की त्या काळच्या तोकड्या यंत्राचे काम हलके होई आणि चित्र आपोआप जलद सरके. तो परिणाम त्यांना पसंत पडला व त्यांनी तो राहू दिला. म्हणजे नियम कधी माणूस ठरवितो, तर कधी साधनांच्या मर्यादेतून तो जन्मतो. इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्या अभ्यासकाला हे नवीन नाही. मुलाला ते खेळातून दाखविता येते.

घोळक्याची शाळा

या यंत्रांसंबंधी एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. ज्याच्या हातात दांडा आहे तो एकटा शिकत नसे. त्याच्या पाठीमागे पाच-सात मुले उभी असत आणि त्यांतील निम्म्यांच्या खिशात नाणे नसे. आपल्याकडे गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली, तेथेही हेच दृश्य होते. १९९३ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने काढलेल्या एका मारामारीच्या खेळाचे मूळ इंग्रजी नाव भारतातील बहुतेक मुलांना कधी कळले नाही. त्यातील एका पात्रावरून त्यांनी त्याचे 'मुस्तफा' असे नामकरण केले. पुढच्या टप्प्यात शत्रू कोठून येतो, कोणते पिंप फोडले असता खायला मिळते, हे ज्ञान तोंडातोंडी पसरले. त्यासाठी कोणी कोणाकडून शुल्क घेतले नाही. एकाने नाणे खर्चून जे शिकले ते दुसऱ्याने पाहून घेतले आणि तिसऱ्याला सांगितले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर यंत्र खाजगी मालकीचे होते, पण त्यासंबंधीचे ज्ञान सामायिक होते. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, हे तत्त्व त्या घोळक्याने आचरणात आणले. तेथे श्रीमंताच्या मुलाला आणि हमालाच्या मुलाला एका नाण्यात सारखेच जीव मिळत. पैशाने अधिक वेळा खेळता येई, पण अधिक चांगले खेळता येत नसे. अर्थात या समतेला मोठी उणीव होती. बहुतेक पार्लरांत मुली जवळजवळ नसत. वातावरण पुरुषी, जागा कोंदट, आणि 'चांगल्या घरच्या मुलींनी जाऊ नये' असा शेरा त्या जागांवर बसलेला. 'पॅक-मॅन'चे निर्माते तोरू इवातानी यांनी आपला खेळ मुद्दाम मुली-स्त्रियांनाही आवडावा असा आखला होता. खेळ सर्वांसाठी आखला तरी जागा सर्वांची नसेल, तर शाळा अर्ध्यांसाठीच उघडते.

पेटीच्या आतील कळा

येथवर यंत्राची जमेची बाजू झाली. आता मालकाचा हिशेब पाहावयास हवा. उभ्या यंत्राची किंमत मोठी असते. ती नाण्या-नाण्याने वसूल करावयाची असते. त्यामुळे एका नाण्यात एक मूल फार वेळ खेळत राहणे मालकाला परवडत नाही, आणि ते अगदी लगेच हरून चिडून निघून जाणेही परवडत नाही. या दोहोंच्या मधली काही मिनिटे म्हणजे खेळाची 'काठिण्यपातळी'. कसोटी मुलाच्या बुद्धीची दिसते. मोजमाप गल्ल्याचे असते.

हा केवळ तर्क नाही. 'पॅक-मॅन'च्या यंत्रात, कुलूपबंद दाराआड, बारीक कळांची एक पट्टी असे. तिच्याद्वारे मालकाला ठरविता येई की एका डावात खेळाडूला १, २, ३ की ५ जीव द्यावेत. जादा जीव १०,००० गुणांवर द्यावा, १५,००० वर, २०,००० वर, की मुळीच देऊ नये. एका नाण्यात एक डाव द्यावा की दोन, की दोन नाण्यांत एक. खेळ सोपा की अवघड, हेही तेथेच ठरे. एका पार्लरमध्ये वाघ ठरलेला मुलगा दुसऱ्या पार्लरमध्ये लवकर बाद होई आणि आपलाच हात आज चालत नाही असे समजे. त्याचा हात तोच होता; दाराआडची कळ वेगळी होती.

पडद्यावरील नियम मूल शोधू शकते. पेटीच्या आतील नियम त्याला दिसत नाही, आणि तो आहे हे कोणी सांगितल्याशिवाय सहसा सुचतही नाही. यंत्र आपण होऊन हा धडा देणार नाही, कारण तो मालकाच्या हिताचा नाही. म्हणून तेथे शिक्षक, पालक किंवा जाणत्या कार्यकर्त्याची आवश्यकता आहे.

विकत मिळणारा जीव

नाण्यामागची ही समताही फार काळ टिकली नाही. १९८५ साली अमेरिकेत आलेल्या 'गाँटलेट' या खेळात खेळाडूची शक्ती काही न करताही सतत घटत जाई, आणि पुन्हा नाणे टाकले की ती वाढे. चार मुलांनी एकत्र खेळावयाचा हा खेळ सहकार्याचा होता खरा, पण घड्याळाप्रमाणे तो पैसे मागत असे. पुढे 'मुस्तफा'सारख्या खेळांत हरल्यावर पडद्यावर उलटी मोजणी सुरू होई आणि तेवढ्यात नाणे टाकले तर जेथे पडला तेथूनच खेळ पुढे चाले. कौशल्याने जे मिळवावयाचे ते पैशाने मिळू लागले.

आजच्या मॉलमधील खेळ-केंद्रांत हा प्रवास बराच पुढे गेला आहे. तेथे नाणेही दिसत नाही. आधी पैसे भरलेले कार्ड यंत्राला लावावयाचे असते. खिशातील शेवटचा रुपया टाकू की ठेवू, हा विचार जुन्या पार्लरमधील मुलाला करावाच लागे, आणि तो त्याच्या आयुष्यातील अर्थशास्त्राचा पहिला पाठ होता. कार्डाने तो पाठही काढून घेतला. त्याच केंद्रांत काचेच्या पेटीतील खेळण्यांच्या ढिगातून यांत्रिक पंजाने बाहुली उचलण्याचे यंत्र असते. पंजा बाहुलीवर नेमका येतो, ती उचलतो आणि वाटेत सोडून देतो. मुलाला वाटते, आपला नेम थोडक्यात चुकला. प्रत्यक्षात पंजाची पकड किती वेळांनी घट्ट व्हावी, हे मालकाला आतून ठरविता येईल अशी सोय या प्रकारच्या अनेक यंत्रांत असते. 'स्पेस इन्व्हेडर्स'ने शिकविले की नशीब वाटते तो नियम असतो; हे यंत्र मालकाच्या नियमाला मुलाचा नेम म्हणून खपविते. पहिल्यात मोजणाऱ्याला उत्तर सापडते, दुसऱ्यात मोजणाऱ्याचा खिसा रिकामा होतो.

आणि मॉलपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलाच्या हाती घरातील मोबाईल आहे. खेळ फुकट म्हणून मिळतो. मग थांबावयाचे नसेल तर पैसे, हत्यार हवे असेल तर पैसे, आत काय निघेल ते ठाऊक नसलेल्या बंद पेटीसाठीही पैसे. अशा पेट्या जुगारात मोडतात असे बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये ठरविले. भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. हे पाऊल योग्य आहे. परंतु पैशाने पैसा जिंकणे थांबले, तरी पैशाने वाट पाहणे टाळण्याची सवय लावणारा धंदा शिल्लक राहतो. शिवाय मोबाईलवर मूल एकटे आहे; पाठीमागे उभा राहून 'तिकडे जाऊ नकोस, तो येतो' असे सांगणारा घोळका तेथे नाही.

मागणी काय असावी?

काही सहानुभूतीदार विचारतील की, शेतमालाचा भाव, बेकारी आणि शाळांचे खाजगीकरण हे प्रश्न उभे असताना मुलांच्या खेळाचा विषय कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु ज्यांच्या हाती उद्याच्या चळवळी जाणार आहेत, त्यांची नियमाविषयीची समजूत याच वयात घडते. नियम हा अटळ निसर्ग आहे, आपण फक्त चपळ व्हायचे, असे शिकलेले मूल पुढे कंत्राटी नोकरीच्या अटीही त्याच नजरेने पाहील. नियम माणसांनी केलेले असतात, ते अभ्यासाने कळतात व एकत्र येऊन बदलता येतात, हे शिकलेले मूल त्या अटी वाचून पाहील.

म्हणून मागणी तीन प्रकारची असावी. पहिली सुरक्षिततेची. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील एका खेळ-केंद्राला लागलेल्या आगीत २७ जणांचा बळी गेला. त्यांत मुलेही होती. अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नसताना ते केंद्र चालू होते. पडद्यावरील हिंसेवर तावातावाने बोलणाऱ्या समाजाला प्रवेशद्वाराबाहेरचा धोका दिसला नाही. व्हिडिओ खेळांच्या केंद्रांना परवान्याच्या नियंत्रणाखाली ठेवण्याचा शासनाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच कर्नाटकातील एका प्रकरणात मान्य केला आहे. तो कागदावर न ठेवता, प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीतील केंद्रांची तपासणी करून अहवाल जाहीर करावा, असा आग्रह स्थानिक कार्यकर्त्यांना धरता येईल.

दुसरी मागणी उघडपणाची. ज्या यंत्रात बक्षिसाची शक्यता मालक ठरवितो, त्यावर ती शक्यता आणि एका डावाची रुपयांतील किंमत ठळक मराठीत लिहिलेली असावी. वजनमापाचा काटा तपासला जातो, मग पंजाची पकड का तपासू नये?

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. मुलांना खेळ खेळण्याबरोबर खेळ रचण्याची संधी सार्वजनिक शाळांतून मिळाली पाहिजे. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० सालीच बजावले होते की, संगणकाने मुलाला चालविण्याऐवजी मुलाने संगणकाला चालवावे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेने २००७ साली खुले केलेले 'स्क्रॅच' हे साधन विनामूल्य आहे. त्यात दहा वर्षांचे मूलही भूत, चक्रव्यूह आणि गुण यांचा छोटा खेळ रचू शकते. केरळमध्ये २०१८ पासून सरकारी आणि अनुदानित माध्यमिक शाळांतील 'लिटल काइट्स' मंडळांत विद्यार्थी अशा साधनांवर काम करीत आहेत. जे केरळच्या सार्वजनिक शाळेला जमले ते महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला जमू नये असे काही नाही. प्रश्न निधीच्या आणि इच्छाशक्तीच्या वाटपाचा आहे. स्वतःच्या खेळात किती जीव द्यावेत हे ज्या मुलीने एकदा ठरविले, तिला दुसऱ्याच्या यंत्रातील तीन जीव म्हणजे विधिलिखित वाटणार नाहीत.

संगणक येईपर्यंत वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. वस्तीतील अभ्यासिकेत, सुट्टीच्या शिबिरात, मुलांच्या हातातील मोबाईल हिसकावून न घेता, त्यांच्याशेजारी बसून चार प्रश्न विचारता येतात. या खेळात तुला न सांगता कोणते नियम आहेत? ते तू कसे शोधलेस? कोणते नियम तुला शोधताच येत नाहीत? आणि ते लपविण्यात कोणाचा फायदा आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले मोठ्या उत्साहाने देतील. उरलेल्या दोहोंसाठी मोठ्यांनाही त्यांच्याबरोबर शोध घ्यावा लागेल, आणि तेवढी तयारी ज्यांची असेल त्यांनीच मुलांच्या खेळाविषयी मत द्यावे.